व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं पॅकेज: कंपनीला दोन तारे, वाटाड्याला पाच

आधी माझी ओळख देतो, नाहीतर पुढचं वाचताना 'हा कोण टिकोजीराव' असं वाटायचं. सातारा जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून 31 वर्षं नोकरी केली. पावसाळ्याच्या तोंडाला गुरांना घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचत जावळीचे डोंगर पायाखाली घातले. त्यामुळे कुठल्याही माळावर गेलो की माझी नजर आधी खाली जाते. इथं कोण चरलंय, कधी चरलंय, काय खाल्लंय आणि काय तसंच टाकलंय. फोटोबिटो नंतर. आमच्या मंडळींची याला लग्नापासून हरकत आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन आलो. पुण्यातल्या एका ट्रेकिंग कंपनीचं पॅकेज, ऋषिकेश ते ऋषिकेश, 7 दिवस, माणशी 14,500. कंपनीचं नाव लिहीत नाही. मालकाशी फोनवर बोलणं झालंय आणि त्याने थोडे पैसे परत केलेत, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता मिटला. पण कोणी असंच पॅकेज घेणार असेल तर काय विचारून घ्यावं, एवढं कळावं म्हणून लिहितोय.

चांगलं आधी. गाडी चांगली होती, चालक सरदारजी फार सांभाळून नेणारे. ऋषिकेश ते जोशीमठ अख्खा दिवस जातो आणि पावसात दरड कुठे आडवी येईल याचा नेम नाही. दोनदा थांबलो, दोन्ही वेळा त्यांनी गाडी दरडीपासून लांब, उघड्यावर लावली. गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, तिथून घांघरियापर्यंत साधारण 10 किलोमीटर चाल. वाट बांधीव आहे, चहाच्या टपऱ्या आहेत. साठी उलटलेल्या माणसानेही घाबरायचं कारण नाही, गुडघे तेवढे शाबूत हवेत.

आता रड. 'दोघांना एक खोली' असं ठरलेलं असताना घांघरियात चौघांना एक खोली मिळाली. आमच्यासोबत हडपसरचं एक तरुण जोडपं, बिचारी दोघं रात्रभर कुजबुजत 'सॉरी काका' म्हणत होती. जेवण तीन दिवस राजमा. तेही सोडा. खरा घोटाळा वेळेचा. उद्यानाचं गेट सकाळी 7 ला उघडतं, दुपारी 2 नंतर आत सोडत नाहीत आणि 5 च्या आत बाहेर पडावं लागतं, आत मुक्कामाला बंदी आहे. म्हणजे जी काय दरी बघायची ती या तासांत. आमच्या लीडरने नाश्ता दिला साडेआठला आणि गेटवर नेलं 10 वाजता. ढग आमच्या आधी पोचले होते. मग आत सगळं धावतपळत. 'चला चला, नदीपर्यंत टच करून परत.' टच करून परत! फुलांची दरी म्हणजे काय खो-खोचा खांब आहे?

त्या लीडर मुलाने गेटपाशी सगळ्यांना गोल उभं करून माहिती सांगितली. 1931 साली फ्रँक स्माइथ नावाचा इंग्रज गिर्यारोहक कामेट शिखरावरून परतताना वाट चुकून इथे उतरला आणि दरीला हे नाव पडलं. 1982 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 2005 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नंदादेवी उद्यानाला जोडलं गेलं. इथवर ठीक. मग म्हणाला, "आधी मेंढपाळ इथे मेंढ्या आणायचे, त्या फुलं खाऊन टाकायच्या. सरकारने चराई बंद केली म्हणून आज ही फुलं दिसतायत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला राहवेना. म्हटलं, "बाळा, मेंढ्या जर फुलं खाऊन संपवत होत्या, तर त्या इंग्रजाला 1931 साली काय दिसलं?" तो म्हणाला, "काका, हे गुगलवर आहे." मागे एक जण फस्सकन हसला. कंपनीने स्थानिक म्हणून घेतलेला वाटाड्या. चाळिशीचा, अंगाने काटक, पाठीवर कोणा बाईची सॅक. दिवसभर त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, नुसतं ओझं दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे हेमकुंडाला, म्हणजे वरच्या तळ्याकाठच्या गुरुद्वाऱ्याला गेले. मंडळीही गेल्या. मी गुडघ्याचं निमित्त केलं आणि त्या वाटाड्याच्या चुलत भावाला वेगळे पैसे देऊन पुन्हा दरीत गेलो. प्रवेशाची पावती 3 दिवस चालते, हे लीडरने सांगितलं नव्हतं, त्या वाटाड्यानेच सांगितलं. पावती फेकू नका. हा भाऊही तिथलाच, भ्यूंडार गावचा. 2013 च्या पुरात ते गाव वाहून गेलं, आता घर पुलन्याच्या बाजूला. तो मला अंकलजी म्हणायचा. धाकट्या भावाला गढवालीत 'भुला' म्हणतात हे त्याच्याकडूनच कळलं, मग मी त्याला भुला म्हणू लागलो. पाच तारे आहेत ते याला.

सकाळी पावणेसातला आम्ही निघालो. घांघरियाच्या वर वाट फुटते, उजवीकडे हेमकुंड, डावीकडे दरी. फाट्यापर्यंत खेचरांच्या लिदीचा सडा आणि तो उग्र वास. गेटच्या आत खेचराला मज्जाव. शंभर पावलांत वास बदलतो. ओली माती, भोजपत्राची साल, कुजलेला पाला. लीद नाही, लेंडी नाही, शेण नाही. मी भुलाला म्हटलं, "एवढं गवत आणि एक शेणाची पो नाही, असं रान मी आयुष्यात पाहिलं नाही." तो म्हणाला, "माझ्या आजोबांनीही पाहिलं नव्हतं."

त्याचे आजोबा मेंढ्या घेऊन यायचे. तिकडे मेंढपाळाला पालसी म्हणतात आणि झाडांच्या रेषेच्या वरच्या गवताळ उतारांना बुग्याल. बर्फ वितळत वर सरकतं तसं कळपही वर सरकायचे आणि थंडी पडायच्या आत खाली उतरायचे. इथे झाडाला वाढायला जेमतेम तीन-चार महिने मिळतात. बहुतेक झाडं वर्षायू नाहीत, जमिनीखाली मूळ किंवा गड्डा धरून असतात. बर्फ हटल्यावर त्या गड्ड्यातलं धन खर्चून पान काढतात, मग पान कमावतं आणि हिवाळ्याआधी पुन्हा गड्ड्यात साठवतं. म्हणजे मेंढीने नेमकं कधी तोंड घातलं यावर सगळा खेळ. फुटवा वर आल्या आल्या खाल्ला तर झाड उसनवारीवर जातं, दोन-तीन वर्षं असंच झालं तर मरतं. बी पडून गेल्यावर खाल्लं तर त्याला फारसं वाटत नाही, उलट लोकरीला आणि लेंड्यांतून बी पुढच्या उताराला जातं. ब्रह्मकमळ (हिमालयातलं, आपल्या कुंडीतलं नव्हे) नंदाष्टमीच्या आधी तोडायचं नाही, हा त्यांचा जुना नेम. भादव्यात येते नंदाष्टमी. तोवर बऱ्याच झाडांचं बी धरायचं काम झालेलं असतं. ज्याने नेम घातला त्याने वनस्पतिशास्त्र शिकलं नव्हतं, पण डोळे उघडे होते.

एक किलोमीटर आत गेल्यावर भुलाने मला वाटेच्या कडेला थांबवलं. समोर कमरेएवढी, काही ठिकाणी खांद्याएवढी एकाच झाडाची दाटी. लालसर, पेरापेराचे दांडे, दर पेराला जरासा वाकडा होत वर गेलेला. लांबट पानं, टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे. लांबून बघाल तर म्हणाल काय सुंदर. लीडरने आदल्या दिवशी इथेच ग्रुप फोटो काढला होता. तिकडे याला अमेला म्हणतात, पुस्तकी नाव पॉलिगोनम. हे परदेशातून आलेलं तण नाही, हिमालयातलंच आहे. पण माजलंय.

माझी एक जुनी खोड आहे. कुरण बघायला गेलो की छत्री उघडून जमिनीवर पालथी टेकवायची आणि तिच्या घेरात येईल तेवढंच मोजायचं. अमेल्याच्या गचपणात शिरून दांडे बाजूला सारले आणि छत्री टेकवली. आत अंधार. खाली काळपट माती, कुजकी पानं, दोन फिकट कोंब आणि एक पिवळी पडलेली नेची. एका हाताची बोटंही पुरी लागली नाहीत. तिथून चाळीस पावलांवर, उघड्या उतारावर पुन्हा टेकवली. तिथे बोटं संपली तरी जाती संपेनात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारख्या तीन-तीन पानांचं, लालभडक फुलांचं पोटेंटिला. जांभळं जिरेनियम. आपल्या तेरड्याचं पोर. गवताच्या दोन जाती, त्यांच्या बुडाशी लव्हाळ्यासारखं काहीतरी, आणि पायाशी इतकं बारीक निळं फूल की चष्मा काढून बघावं लागलं. हे उद्यान 87.5 चौरस किलोमीटरचं आहे, फुलझाडं पाचशेच्या वर सांगतात. मला त्यातली किती आली? पण छत्रीखालचा फरक कळायला नावं लागत नाहीत.

पुढे वन खात्याची माणसं अमेला उपटत होती. उपटून ढीग. वर्षानुवर्षं उपटतात. मी एक झाड हातात घेऊन बघितलं. खाली हळदीच्या गड्ड्यासारखं आडवं पसरलेलं खोड, आणि ते अर्ध्यातच तुटलेलं. उरलेलं अर्धं जमिनीत, म्हणजे पुढच्या वर्षी परत उगवणार. हरळी खणलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता हे माजलं का? भुलाचं म्हणणं सरळ. "मेंढ्या होत्या तेव्हा कोवळे शेंडे खात, उरलेलं खुरांखाली जाई. 82 ला बंदी आली, आमची चराई गेली आणि हे डोकं वर काढायला मोकळं झालं." अभ्यासकांमधल्या काहींचं म्हणणंही हेच आहे. पण सगळ्यांचं नाही. दुसरी बाजू म्हणते, अमेला शिरला तो मेंढ्यांमुळेच. आणि खरं सांगायचं तर ते मला लगेच पटलं, कारण ते मी आपल्याकडे पाहिलंय.

आपल्याकडे धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, येतो तेव्हा शेतकरी पैसे किंवा धान्य देऊन शेतात मेंढरं बसवतात. का? लेंडीमुतासाठी. जिथं मेंढरं बसतात तिथं पुढे दोन वर्षं पीक काळंभोर येतं. पण तोच वाडा माळावर एकाच जागी बसत राहिला तर तिथं गवत येत नाही, काटेमाठ आणि आघाडा येतो. बुग्यालात तेच होतं. रात्रीच्या तळावर खत इतकं साचतं की हलक्या, उपाशी जमिनीत राहायची सवय असलेली नाजूक फुलझाडं मागे पडतात आणि खादाड झाडं पुढे येतात. भुलाने मला त्यांच्या आजोबांच्या तळाची जागा दाखवली. दगडाची अर्धी भिंत उरलीय. भोवती रान चुका, म्हणजे आपल्या चुक्याच्या भाजीचाच भाऊबंद, पानं सुपाएवढी. आणि त्याला लागून अमेला. शेवटची मेंढी तिथून जाऊन चाळीस वर्षं झाली, जमीन अजून विसरलेली नाही. दरड कोसळलेल्या, हिमलोंढा येऊन गेलेल्या जागांवरही अमेला दिसला, तिथे तर मेंढीचा संबंधच नाही. भुला तळ बघून जरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे दोन्ही खरं?" मी म्हटलं, असेल. मेंढ्यांनी आणलं आणि मेंढ्याच त्याला दाबून ठेवत होत्या. गड्याला घरात घेऊन एकदम मालकच घर सोडून जावा, तसं झालं.

परत येताना गेटच्या अलीकडे भुलाने मला बसवून लोकरीचे मोजे झाडायला लावले. कुसळं, बिया, एक-दोन काटेरी फळं. "पूर्वी हे काम मेंढ्या करायच्या, आता टुरिस्ट करतात, पण उलट्या दिशेने." बिया वाटेला परत टाकल्या. त्याने दिवसाचे 1,500 सांगितले होते. मी 2,000 दिले आणि मंडळींना 1,500 च सांगितलेत. इथे लिहिलंय म्हणजे आता कळेलच.

सहाव्या दिवशी पॅकेजमध्ये औली होतं, 'साइटसीइंग'. औलीच्या वर तासाभराच्या चढावर गोरसों बुग्याल. लीडर म्हणाला, इथे काही विशेष नाही, व्ह्यू आहे. पण माझ्यासाठी अख्ख्या टूरमधली हीच जागा मोलाची, कारण इथे जनावरं चरतात. घोडे होते, गाई होत्या, वरच्या अंगाला मेंढ्यांचा कळप. गवत गालिच्यासारखं, बोटभर. छत्री टेकवली. जाती होत्या की! पण सगळ्या बसक्या. पोटेंटिला दरीत गुडघ्याला लागत होतं, इथे जमिनीला पान चिकटवून, देठ आखूड करून फुललेलं. जे उंच वाढतं आणि चवीला गोड आहे ते गायब. जे कडू, विखारी किंवा काटेरी ते ऐटीत उभं. पिवळी चकचकीत फुलं गाईने हुंगून सोडलेली मी उभ्याउभ्या पाहिली. जिथे घोडे थांबतात तिथे रान चुका. जिथे एकाच उतारावरून रोज जनावरं उतरतात तिथे खुरांनी पायऱ्या पडल्यात आणि दोन ठिकाणी गवताची चटई फाटून उघडी माती दिसत होती. या उंचीवर असं फाटलेलं भरून यायला किती वर्षं लागत असतील कोण जाणे.

म्हणजे दरीत चराई शून्य, आणि एका झाडाने बाकीच्यांचं ऊन खाल्लेलं. गोरसोंला चराई रोजची, आणि उंच झाडांनी मान खाली घातलेली. मधलं काहीतरी, थोडी जनावरं, उशिरा, तळ बदलत, असं आता कुठे बघायला मिळेल का, असं भुलाला विचारलं होतं. त्याने खांदे उडवले. तिबेटचा व्यापार 1962 मध्ये बंद पडला तेव्हाच वरच्या गावांतले कळप कमी झाले. आता मुलं डेहराडूनला. बुग्यालात रात्रीचे तंबू ठोकायला उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बंदी घातली, त्याच आदेशात व्यापारी चराई बंद आणि स्थानिक मेंढपाळांना मर्यादेत परवानगी असंही आहे. परवानगी आहे, मेंढपाळ कुठे आहेत?

हे सगळं मला परकं वाटलं नाही, कारण घराजवळचं कास आठवत होतं. कास उंचीने जेमतेम 1,200 मीटर, जांभा खडक आणि त्यावर वीतभरही नाही अशी माती, तेव्हा तुलना ताणू नये. पण तिथेही वारसा यादीत नाव आलं, 2012 साली. तारेचं कुंपण आलं, गुरं बाहेर राहिली, आणि काही वर्षांत त्याच गावांतली माणसं म्हणू लागली की गवत माजलंय, गेंद आणि सीतेची आसवं ही तिथली फुलं दिसेनाशी होतायत, कुंपण काढा. मी नोकरीत असताना त्याच पठारावर म्हशींना लस टोचलीय. म्हशीच्या पावलाच्या खळग्यात पाणी साचतं, त्यात ती आसवं फुलायची. तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचोही नाही, म्हैस लाथ कुठून घालतेय याकडे लक्ष.

असो. जाणाऱ्यांसाठी कामाचं तेवढं. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत जा, पाऊस लागणारच, छत्री न्या (मोजायला नाही, तरी न्या). कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: खोलीत माणसं किती, दरीच्या दिवशी गेटवर किती वाजता, आणि सोबतचा स्थानिक माणूस ओझ्यासाठी आहे की बोलण्यासाठी. हेमकुंड आणि दरी यांत एकच दिवस उरला तर मंडळींचं मत हेमकुंड, तळ्याकाठी ब्रह्मकमळं बघून आल्यात, अजून त्याच धुंदीत आहेत. माझं मत दरी, दोनदा. जमलं तर कंपनी नकोच, गोविंदघाटपर्यंत आपले आपण जा आणि घांघरियात भ्यूंडार-पुलन्याचाच वाटाड्या मागा. त्याला पहिला प्रश्न फुलांचा विचारू नका. तुमच्याकडे मेंढ्या किती होत्या, असं विचारा. मग बघा दिवस कसा जातो.

कंपनीला दोन तारे दिलेत, त्यातला एक सरदारजींचा. मालक फोनवर म्हणाला, "काका, लीडर नवीन आहे, माहितीचं स्क्रिप्ट आम्हीच दिलेलं असतं." मी म्हटलं, मग स्क्रिप्ट मला पाठवा, दुरुस्त करून देतो, पैसे नकोत. तीन आठवडे झाले, अजून आलेलं नाही. खोलीचे 1,200 तेवढे आले.